नावाची पट्टी

"विचारलं असतं तर मी काय नाय म्हणणार होते?"

हा प्रश्न ठमाबाईंनी कोपरीपासून शीळफाट्यापर्यंत सहा वेळा विचारला होता, आणि शीळफाट्याच्या कोंडीत गाडी पाऊण तास अडकली तेव्हा आणखी दोनदा. पुढे नातू मितेश गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी उत्तम खिडकीबाहेर बघत होता. आईचा राग आपल्या बायकोवर आहे म्हटल्यावर तोंड मिटून बसायचं, हे उत्तम पंचवीस वर्षांच्या संसारात शिकला होता.

"पेटीत तळाशी ठेवलेलं हिरवं इरकल. वर चार लुगडी, त्याखाली फडकं, त्याखाली ते. एवढं उपसून नेलं म्हणजे हात चुकून नाय गेला. आणि निघताना 'येते' पण म्हणाली नाय. आपल्या घरात चहाची पावडर आणायला जाताना पण माणूस 'येते' म्हणतं."

"तिला प्रयोगाला उशीर होत असेल, आई," उत्तम म्हणाला.

"रोजच प्रयोगाला जाते. रोज म्हणते. आज काय जीभ घरी ठेवून गेली?"

मितेश हळूच म्हणाला, "आजी, तू या साडीत पण भारी दिसतेयस."

"तुला विचारलं?"

खरं दुखणं तेच होतं. ठमाबाईंची नात शिवानी, म्हणजे त्यांच्या लेकीची, मंदाकिनीची मुलगी. तिचं डोंबिवलीतल्या एका सुशिक्षित घरात जमत आलं होतं. मुलाची आई उत्तराताई, चाळीस वर्षं नाटकं बघणारी बाई. म्हणून मंदाकिनीने रविवारच्या दुपारच्या प्रयोगाची सात तिकिटं काढली होती. नाटकात रत्नप्रभाबाई होत्या. त्यांचं नाव पाटीवर लागलं की तीन दिवसांत तिकिटं संपायची. त्याच नाटकात ठमाबाईंची सून नंदा गेली तीन वर्षं रत्नप्रभाबाईंची बदली होती. म्हणजे बाई आजारी पडल्या तर उभं राहायचं, आणि बाई आजारी पडत नव्हत्या. नंदा प्रत्येक प्रयोगाला जायची, विंगेत स्टुलावर बसायची, सगळं नाटक ओठांतल्या ओठांत म्हणायची आणि घरी येऊन कुकर लावायची.

होणाऱ्या विहिणीसमोर ठमाबाई हिरवं इरकल नेसून बसणार होत्या. त्याऐवजी अंगावर आली होती बाजारात जायची करडी साडी.

नाट्यगृहाच्या दारात मंदाकिनी वाट बघत होती. आईकडे बघितल्याबरोबर तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, तू इरकल नेसणार होतीस ना?"

"तुझ्या वहिनीला विचार," ठमाबाई म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या.

रांग नववी. ठमाबाईंनी कडेची खुर्ची मागून घेतली, कारण गुडघे पसरायला जागा लागते. त्यांच्या पलीकडे उत्तम, मग मितेश, मग मंदाकिनी, शिवानी, उत्तराताई आणि अगदी भिंतीला लागून उत्तराताईंचा मुलगा सौमित्र. त्या रांगेतून बाहेर पडायचा रस्ता एकच, ठमाबाईंच्या गुडघ्यांवरून.

दुसरी घंटा झाली. पडदा हलला, पण उघडला नाही. त्याच्या फटीतून व्यवस्थापक बाहेर आला, हातात माईक.

"रसिक मायबाप, एक विनंती आहे. रत्नप्रभाबाईंना काल नाशिकहून परत येताना वाटेत रुग्णालयात दाखल करावं लागलं. प्रकृती आता ठीक आहे, काळजीचं कारण नाही. आजच्या प्रयोगात त्यांची भूमिका सौभाग्यवती नंदा उत्तम भालेराव करतील. ज्यांना तिकिटाचे पैसे परत हवे असतील, त्यांनी पुढच्या दहा मिनिटांत खिडकीवर जावं. निम्म्याहून जास्त मंडळी थांबली, तर आम्ही प्रयोग करू. नाहीतर सगळ्यांनाच पैसे परत देऊ."

मग मितेश म्हणाला, "मम्मी?"

ठमाबाईंच्या डोक्यात दुपारी पडलेली गाठ आपोआप सुटली. रत्नप्रभाबाई स्वतःची लुगडी स्वतःच्या बॅगेतून आणत, आणि ती बॅग त्यांच्याबरोबरच रुग्णालयात गेली असणार. म्हातारीचं काम करायला नऊवारी लागतं, आणि नंदाच्या कपाटात एकही नाही.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. रागही सोडला नाही. नुसता बाजूला ठेवला, भाजी निवडताना सुरी ठेवतात तसा, हाताशी.

तेवढ्यात मागून पहिला आवाज आला. खटाक.

नाट्यगृहातली खुर्ची माणूस उठला की आपली आपण मिटते, त्याचा आवाज. खटाक. मग तीन एकदम. मग उजवीकडची अर्धी रांग.

बसलेल्या माणसाला तो आवाज ऐकूही येत नाही. ठमाबाईंना येत होता, कारण त्यांनी तो पडद्यामागून ऐकला होता. त्यांचे यजमान दौलत एका नाटक कंपनीच्या कपडेपटात होते, आणि लग्न होऊन जुन्नरहून आलेल्या ठमाबाई तिथेच इस्त्रीला उभ्या राहिल्या, त्या एकतीस वर्षं. असा एक बदलीचा प्रयोग त्यांना आठवत होता. बदली आलेला मुलगा पडद्यामागे राजाच्या कपड्यात उभा होता, आणि बाहेर खुर्च्या मिटत होत्या, आणि प्रत्येक खटाकेला त्याची मान एकेक रेघ खाली जात होती. त्या दिवशी प्रयोग झाला नाही. त्याच्या अंगरख्याला घामसुद्धा लागला नव्हता, तरी ठमाबाईंनी तो धुतला होता.

आता पडद्याच्या मागे नंदा होती.

"चला, उठा," मंदाकिनी कुजबुजली. "उत्तराताई, सॉरी हं. मला खरंच कल्पना नव्हती. आपण बाहेर जाऊन काहीतरी खाऊ, पुढच्या महिन्यात बाईंच्या प्रयोगाची परत तिकिटं काढते. आई, पाय घे जरा."

"वळत नाय."

"सकाळी देवळात चांगले वळत होते."

"सकाळचं सकाळी."

"आई, तमाशा नको. लोकं बघतायत."

"बघू दे. बघायलाच आलेत ना."

मंदाकिनी दोन गुडघ्यांसमोर उभी राहिली, हातात पर्स, चेहरा लाल. मागच्या रांगेतलं एक जोडपं उठता उठता थांबून बघू लागलं. उत्तराताई शांतपणे म्हणाल्या, "आजी, गैरसमज नको. नंदाताईंबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण ज्यांचं नाव वाचून आपण तिकीट काढतो त्या नसतील, तर उठून जाण्याचा प्रेक्षकाला हक्क असतो. आणि घरच्याच बाईचं काम बघताना आपल्यालाही अवघड होतं, त्यांनाही."

हे सगळं इतक्या नीट भाषेत होतं की ठमाबाईंना ते मनातल्या मनात एकदा उलटून बघावं लागलं. मग त्या म्हणाल्या, "ताई, हक्क आहे ना, मी कुठं नाय म्हणते. खिडकी उघडीच आहे. पण मला एक सांगा. तुमच्या सौमित्राच्या लग्नात ठरलेला भटजी तापाने पडला, आणि त्याच्या जागी दुसरा आला, मंत्र येणारा, आंघोळ करून, सोवळं नेसून. तर तुम्ही मांडवातून उठाल?"

सौमित्र हसला. आई बघते आहे हे कळल्यावर त्याने हसू गिळलं, पण उशीर झाला होता.

"उठणार नाही," उत्तराताई म्हणाल्या.

"मग बसा. ती बाई तीन वर्षं आंघोळ करून बसलीय."

उत्तराताई बसल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. विहीणच बसली म्हटल्यावर मंदाकिनीला उभं राहायला कारण उरलं नाही. मागच्या रांगेतलं जोडपं एकमेकांकडे बघून खाली टेकलं. त्याच्या मागे कोणी टेकलं की नाही हे ठमाबाईंनी वळून पाहिलं नाही. त्या फक्त ऐकत राहिल्या. खटाक. बराच वेळ काही नाही. खटाक. मग नाहीच.

आता उत्तम उठायला लागला.

"तू कुठं?"

"बाहेर थांबतो, आई. ती अडखळली तर मला बघवायचं नाही."

"तुला बघवावं म्हणून ती करत नाय. बस."

तिसरी घंटा झाली. दिवे गेले. काळोखात ठमाबाईंच्या कानाला कळलं की नाट्यगृह भरलेलं नाही, पण निम्म्याच्या वर आहे. लोकांचा श्वास मोजायची सवय कपडेपटात लागते.

पडदा वर गेला. एका घराचं माजघर, दिवा, पाट. डाव्या विंगेतून म्हातारी आली, हिरव्या इरकलात.

मितेशची दोन बोटं तोंडापर्यंत गेली होती, शिट्टीसाठी. दुसऱ्या हातात मोबाईल वर धरलेला. ठमाबाईंनी उत्तमच्या मांडीवरून हात लांब करून त्याचं मनगट धरलं आणि खाली आणलं.

"अगं आजी, मम्मीची एंट्री आहे."

"म्हणूनच. आता शिट्टी मारलीस तर सगळ्यांना कळेल घरचे बसलेत. मग लोकं नाटक सोडतील आणि तुझी आई बघत बसतील. टाळी कामाला द्यायची, तोंडाला नाय. तो फोन खिशात घाल."

पहिला प्रवेश जड गेला. नंदाने पहिलं वाक्य उच्चारलं. तो आवाज रत्नप्रभाबाईंचा होता. तोच हेल, वाक्याच्या शेवटी तोच खोकल्यासारखा विराम. तीन वर्षं विंगेतून ऐकलेलं सगळं ती जसंच्या तसं परत देत होती. मागे कोणीतरी म्हणालं, "कॉपी मारतेय." कोणाचा तरी मोबाईल उजळला आणि विझला.

त्यात शेजारून आणखी एक कुजबुज सुरू झाली. ठमाबाईंना वाटलं मागचाच कोणी असेल. पण तो उत्तम होता. नंदाच्या प्रत्येक वाक्याच्या अर्धा शब्द पुढे तो तेच वाक्य म्हणत होता, डोळे रंगमंचावर, हात जोडलेले. तीन वर्षं नंदा भाकऱ्या थापताना हे बोलत आली होती, आणि हा माणूस पलीकडच्या खोलीत पेपर वाचतोय असं सगळ्यांना वाटत होतं. त्याला पहिला अंक पूर्ण पाठ होता.

पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून "शू" केलं. ठमाबाईंनी कमरेच्या पिशवीतून आलेपाकाची वडी काढली आणि लेकाच्या तोंडात सरळ घातली, तो दोन वर्षांचा असताना घालायच्या तशी. "चघळ. तिला येतंय."

आणि मग पदर घसरला.

नाटकात तो घसरायचा नव्हता. पाटावरून उठताना नंदाच्या खांद्यावरचा इरकलचा पदर खाली आला. नऊवारीची सवय नसलेल्या बाईचा तो घसरणारच. रत्नप्रभाबाईंच्या कामात याला जागा नव्हती, तेव्हा नक्कल करायला काही नव्हतं. अर्धा क्षण नंदा रिकामी उभी राहिली. मग तिने हाताच्या मागच्या बाजूने पदर उचलला, ओढून कमरेला खोचला आणि खोचलेल्या जागेवर दोनदा थोपटलं.

मंदाकिनी पुटपुटली, "आई, हे तू करतेस."

ठमाबाई स्वतः कशा पदर खोचतात हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

तिथून पुढे आवाज बदलला. खोकल्यासारखा विराम गेला. म्हातारी आता वाक्याच्या शेवटी थांबत नव्हती, वाक्य अर्धवट टाकून दुसऱ्या कामाला लागत होती, आणि बोललेलं ऐकलं की नाही हे बघायला मान वळवत होती. सुनेला टोमणा मारला तेव्हा नाट्यगृह हसलं. उत्तराताईही हसल्या, आणि हसताना त्यांनी तोंडावर हात ठेवला नाही. मागचा तो 'कॉपी' म्हणणारा गप्प झाला होता.

मध्यंतरात उत्तम चहाचा पेला घेऊन आत जायला निघाला.

"आत नाय जायचं."

"आई, चहा देऊन येतो फक्त. सकाळपासून खाल्लं नसेल तिने."

"तू आत गेलास तर तिला बायको व्हावं लागेल. तू खाल्लंस का, मितेश कुठंय, कुलूप लावलं का. मग परत म्हातारी व्हायला वेळ पुरायचा नाय. तो चहा तू पी."

उत्तमने चहा प्यायला. शेजारी उभ्या असलेल्या उत्तराताई हे सगळं ऐकत होत्या. "आजी, तुम्ही नाट्यशास्त्र शिकलात का हो कुठे?"

"दुसरीत शाळा सुटली, ताई. पुढचं पट्ट्यांवर."

"पट्ट्या?"

"कपडेपटात प्रत्येक कपड्याला आतून एक कापडी पट्टी शिवलेली असते, दोन बोटांची. त्यावर नटाचं नाव. धुताना मिसळू नये म्हणून. ती नावं वाचून वाचून मला अक्षरं आली. बाईंचं नाव, बुवांचं नाव. बदलीच्या कपड्याला मात्र नाव नसायचं. नुसता 'ब'. आज हा बदली, उद्या तो, कोण नाव शिवत बसणार." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मीच शिवलेत ते 'ब'. शंभर तरी असतील."

आत जाताना उत्तराताईंनी ठमाबाईंचा दंड धरला आणि पायरी उतरायला मदत केली, आणि ठमाबाईंनी तो धरू दिला. हे मंदाकिनीने बघितलं. शिवानीला तिने कोपराने ढोसून दाखवलंही.

दुसऱ्या अंकात म्हातारीचा नवरा गेलेला असतो. तिच्या हातात त्याचा सदरा येतो. रत्नप्रभाबाई इथे सदरा छातीशी धरून रडत, आणि लोक त्या रडण्यासाठी तिकीट काढत. ठमाबाईंना ते ठाऊक होतं. सगळ्या नाट्यगृहाला ठाऊक होतं. लोक रुमाल काढून तयार बसले होते.

नंदा रडली नाही. तिने सदरा पाटावर पसरला. तांब्यात बोटं बुडवून त्यावर पाणी शिंपडलं, इस्त्रीच्या आधी शिंपडतात तसं. बाह्या आत घेतल्या. कॉलर उचलून आतून बघितली, मळ आहे का ते, आणि नाकाशी नेली. एकदाच. मग पुन्हा घडी घातली, वरून तळहात फिरवला, आणि घडी ठेवायला जागा शोधत घरभर बघू लागली. जागा सापडेना. घडी हातात घेऊन म्हातारी तशीच उभी राहिली.

एकतीस वर्षं ठमाबाईंनी तशीच घडी घातली होती. दौलत गेले त्या आठवड्यात कंपनीचे सदरे परत पाठवायचे होते, तेव्हा त्यांनी ते असेच पाण्याचा हबका मारून, कॉलर बघून घडी केले होते, आणि त्यांतला एक यजमानांचा स्वतःचा निघाला होता. तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळलं नव्हतं. दारात उभं राहून कोणी बघतंय हे त्यांना माहीत नव्हतं. नंदा तेव्हा नवी नवरी होती, वीस वर्षांची, अजून मोठ्याने बोलतही नसे.

नाट्यगृहात एकही खुर्ची वाजली नाही.

पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या. मितेश आजीकडे बघत होता. आता चालेल का, असं विचारत.

"आता मार," ठमाबाई म्हणाल्या.

त्याची शिट्टी अशी काही गेली की पुढची 'शू' करणारी बाईसुद्धा हसली. खुर्च्या पुन्हा वाजल्या, खटाक खटाक, पण या वेळी लोक जायला उठत नव्हते. उत्तराताई उभ्या होत्या. मंदाकिनी उभी होती आणि पर्समध्ये रुमाल शोधत रडत होती. उत्तम बसूनच होता, गालात आलेपाकाची दुसरी वडी, डोळे मिटलेले. ठमाबाईही बसून होत्या. गुडघे खरोखरच वळत नव्हते आता.

रंगपटात गर्दी होती. व्यवस्थापक सांगत होता की बाईंना पंधरा दिवस विश्रांती आहे, पुढच्या रविवारी कल्याणचा प्रयोग नंदाताईच करतील, त्याची जाहिरातही नावासकट देतो. उत्तराताई नंदाचे दोन्ही हात धरून काहीतरी लांबलचक आणि सुंदर बोलल्या. मंदाकिनी म्हणाली, "वहिनी, मी उठून जाणार होते गं," आणि नंदा म्हणाली, "मला ऐकू आलेलं, ताई. नववी रांग ना? मग थांबलात तेही ऐकू आलं."

दारात काठीचा आवाज झाला. लोकांनी वाट दिली.

नंदा उठून उभी राहिली. अर्धा रंग पुसलेला, अंगावर अजून इरकल. वाकून पाया पडायला गेली तर ठमाबाईंनी काठी मध्ये धरली.

"आधी हिशोब. लुगडं न विचारता का नेलंस?"

"बाईंची बॅग त्यांच्याबरोबर गेली, आई. सकाळी फोन आला."

"ते मला कळलं. विचारलं का नाय?"

नंदाने खाली बघितलं. "तुम्हीच सांगितलेलं, मी पहिल्यांदा बदली झाले तेव्हा. बदलीने तिसऱ्या घंटेपर्यंत घरात बोलायचं नाही. घरचे भितात, आणि ती भीती घेऊन माणूस उभं राहतं. तुम्हाला 'येते' म्हणायला आले असते तर तुम्ही तोंड बघून ओळखलं असतं."

उत्तम बायकोकडे बघत होता, जणू तिची ओळख करून द्यायला कोणी हवं होतं.

ठमाबाईंनी पुढे होऊन इरकलचा पदर हातात घेतला. आतली कड उलटली. तिथे दोन बोटांची जुनी पट्टी होती, धुऊन धुऊन पिवळी पडलेली, आणि तिच्यावर त्यांच्याच हातच्या वेड्यावाकड्या टाक्यांनी लिहिलेलं होतं, ठमा.

"ऐक आता," त्या म्हणाल्या. "पहिल्या प्रवेशात तू बाईंची नक्कल केलीस, ती भिकार होती. दुसऱ्या अंकात निऱ्या डावीकडे गेल्या. कल्याणला मी स्वतः नेसवीन, सकाळी माझ्यासमोर उभी राहायचं. न सांगता पेटी उपसलीस, त्याबद्दल मी तुला वर्षभर बोलणार आहे, ते तू ऐकायचंस. आणि हे लुगडं मला परत करायचं नाय. घरी गेल्यावर ही पट्टी मी उसवते, आणि दुसरी शिवते. 'ब' नाय शिवणार. नंदा शिवणार, पूर्ण. उभी काय राहिलीस, पड पाया."